बोक्याला थेट खच्ची करावं की आधी इम्प्लांट द्यावं?

मिशाळ: बोका लघवीचे फवारे मारतो म्हटलं की सगळे एकच सांगतात, खच्ची करा. माझ्या मते आधी डेस्लोरेलिन या हार्मोन दाबणाऱ्या औषधाचं ४.७ मिलिग्रॅमचं इम्प्लांट, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी बारीक कांडी, द्यावं. दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली सुई घालून सोडतात, बस्स. मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीला मेंदूकडून येणारा जीएनआरएच हा हार्मोन थांबून थांबून मिळावा लागतो. इथे त्याच्या या नकलेची संततधार लागते, ग्रंथी दाद देईनाशी होते, वृषणाला चालना देणारा तिचा एलएच हार्मोन आटतो आणि वृषणातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नर हार्मोन, बंद. वास, भांडणं, रात्रीचं ओरडणं या तिन्हींत फरक पडतो. वर्षभराने परिणाम ओसरतो, नाही पटलं तर परतीची वाट आहे.

एकच_वार: संततधारेआधीचा पूर सांगायचा राहिला. सुरुवातीला तेच इम्प्लांट टेस्टोस्टेरॉन वाढवतं. पहिले काही आठवडे बोका जास्तच चेकाळू शकतो आणि भाटी गाभण राहू शकते. पूर्ण परिणामाला साधारण ६ आठवडे लागतात. शस्त्रक्रियेनंतर हार्मोन काही दिवसांत खाली येतं. घरच्या बोक्याला दर वर्षी सुई कशासाठी?

मिशाळ: खच्ची केल्यावरही शुक्रवाहिनीत शुक्राणू उरतात की. तिथेही भाटीपासून ७ आठवडे लांब ठेवावाच लागतो! शिवाय खच्ची बोके फुगतात.

एकच_वार: फुगतात ते हार्मोन गेल्यामुळे, सुरीमुळे नव्हे. इम्प्लांटनेही भूक वाढते. दोन्हीकडे खाणं २५ ते ३० टक्के कमी करा, वाडगा भरून ठेवू नका.

काटेतपासनीस: दोघंही काट्यांबद्दल गप्प? बोक्याच्या लिंगावर शंभराहून जास्त बारीक काटे असतात, मागे वळलेले, जेमतेम मिलिमीटरभर. ते टेस्टोस्टेरॉनवरच जगतात आणि ते आटलं की साधारण ६ आठवड्यांत झडतात. डॉक्टर दोन बोटांनी कातडी मागे सारून पाहतात. गुळगुळीत असेल तर हार्मोन दबलंय. रक्तातल्या एकाच आकड्यावर विसंबू नका, टेस्टोस्टेरॉन लाटांसारखं वरखाली होतं. वृषणकोश रिकामा आणि काटे शाबूत, तर एक वृषण पोटात किंवा जांघेत अडकलेलं असण्याची शक्यता मोठी. तिथे इम्प्लांट म्हणजे झाकपाक. ते वृषण काढायलाच हवं, पुढे गाठ होऊ शकते.

शेपूटवर: मग नसबंदी, म्हणजे फक्त वाहिनी कापली तर?

काटेतपासनीस: फवारे, मारामाऱ्या जशाच्या तशा. हार्मोनला हातच लागत नाही. भाट्या पाळणाऱ्यांना मात्र उपयोग आहे: संगाने बीज सुटतं आणि भाटी गाभण न राहता पाच-सहा आठवडे शांत होते.

एकच_वार: मेजेस्ट्रॉल या हार्मोनच्या गोळ्या कुणी सुचवण्याआधी सांगतो, नको. मधुमेह होतो, स्तनग्रंथी सुजतात.

मिशाळ: गोळ्यांवर एकमत. पण खच्ची केल्यावरही दहातला एखादा बोका फवारे मारतोच. ते आधी कळावं म्हणून तर इम्प्लांट.

एकच_वार: ते कळण्याआधी हे बघा: उभा राहून, शेपूट थरथरवत भिंतीवर थोडं उडवलं तर फवारा. बसून वारंवार कुंथतोय आणि थेंब येत नाही, तर मूत्रमार्ग तुंबलाय. त्याच तासाला दवाखाना गाठा, हार्मोनचा वाद नंतर.

मिशाळ: हे मान्य. वंशासाठी ठेवलेल्या बोक्याला मात्र मी इम्प्लांटच देईन.

एकच_वार: त्याला द्या. बाकीच्यांना सुरी.