पावनखिंडीच्या चित्ररथासाठी मदत हवी आहे

मंडळी, बेळगावात वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी आमच्या गल्लीतलं मंडळ यंदा पावनखिंड उभी करतंय. प्रसंग ठरलाय, जुलै १६६० चा, बाजीप्रभू आणि बांदल मावळे. घोडं अडलंय ते वेशभूषेवर.

पोरांनी सगळं शिक्षण सिनेमातून घेतलंय. त्यामुळे प्रत्येकाला छातीवर कातडी कवच, मनगटाला पट्टे, मोकळे केस हवेत. अरे, ते मावळे की कुठले रोमन शिपाई! मालिकावाल्यांनी तर सगळ्याच काळांना एकच कपाट उघडलंय.

दांडपट्ट्याचंही तेच. त्याचं पातं लवचीक, मूठ लोखंडी खोळीच्या आत, खोळ पार कोपरापर्यंत. मनगट वळतच नाही, फिरवायचा तो खांद्यातून. आमचा बाजी तो तलवारीसारखा चालवतोय.

तर, कोल्हापूरकडचे मर्दानी खेळाचे कुणी वस्ताद दोन-चार रविवार बेळगावला येतील का? आणि पोशाख, पागोटी, ढाली बऱ्यापैकी खऱ्या वाटतील असा एखादा सिनेमा सुचवा, जुना कृष्णधवल असला तरी चालेल. निपाणी-खानापूरकडे भाड्याने साधे अंगरखे मिळत असतील तर तेही कळवा. जरीचे नकोत, नवरदेव दिसतात.