मदत हवी आहे: बंद पडलेल्या बालगृहातली माझी फाईल आणि (बहुतेक) माझा भाऊ कसा शोधू?

नमस्कार मंडळी. मी केळापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, सहावा महिना चालू आहे. जिल्ह्यातल्याच एका बालगृहात वाढले, 2019 मध्ये 18 पूर्ण झाल्यावर बाहेर पडले.

मागच्या महिन्यात गावातल्या आशाताईंनी (आरोग्याचं काम बघणाऱ्या) सिकलसेलची, म्हणजे आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी करवली. कागद भरताना विचारलं, "माहेरी कोणाला आहे का?" माहीत नाही म्हटलं, तर त्यांनी रकान्यात रेघ मारली. अशा रेघा मी पुष्कळ कागदांवर पाहिल्यात. रिपोर्ट 'एएस' आला, म्हणजे मी वाहक: मला आजार नाही, पण लेकरांकडे जाऊ शकतो. यांचा 'एए', म्हणजे त्यांच्यात तो दोष नाही, त्यामुळे बाळाला आजार होणार नाही, फार तर माझ्यासारखं वाहक होईल, असं डॉक्टर म्हणाले. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. मला मात्र रात्रभर झोप नाही. हे आई नाहीतर बाप, एकाकडून तरी आलंच असणार. त्यांच्याबद्दल मला कळलेली ही पहिली गोष्ट.

मग तो आठवला. 2006 च्या सुमारास, मी चार-पाच वर्षांची असताना, पोळ्याच्या दिवसांत मला तिथे आणलं. सोबत माझ्याहून लहान पोरगा होता. त्याच्या हातात तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी, एक चाक निघालेलं. ते चाक माझ्या मुठीत होतं. त्याला दुसरीकडे नेलं, चाक माझ्याकडेच राहिलं. तो भाऊ होता की त्याच दिवशी सापडलेलं दुसऱ्या कोणाचं लेकरू, कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. तिथे विचारायची सवयच लागत नाही.

बाहेर पडल्यावरही तेच. 21 वर्षांपर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बालगृहातून बाहेर पडलेल्यांना आधार द्यायची, सोय कायद्यात आहे, हे मला फार उशिरा कळलं. लग्नानंतर पहिल्यांदा वरण केलं तर गंजभर झालं. साठ जणांच्या स्वयंपाकात हात बसलेला, चौघांचं माप ठाऊकच नव्हतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, शेजारी वाटून आल्या. आता त्या म्हणतात, "काहून शोधतं वं माय, आमी हावो ना." त्यांची माया खरी आहे. पण तो भाऊ असेल तर आता लग्नाचा झाला असेल. तोही वाहक असेल आणि मुलगीही वाहक निघाली, तर प्रत्येक बाळाला चारात एक इतका आजाराचा धोका. त्याला कोण सांगणार?

बालगृहाला कुलूप आहे. एका कार्यालयात गेले, तर "जुनं काही मिळत नाही" म्हणून बाहेरूनच परत पाठवलं. कुठे आणि कसा अर्ज करू?

प्रतिसाद 1
ताई, तोंडी विचारू नका, लेखी द्या. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज करा, एक प्रत बाल कल्याण समितीला (लेकरांना बालगृहात ठेवायचा आदेश हीच देते). दोन्हींची पोच शिक्का मारून घ्या. तुमचा प्रवेश नोंदवहीतला उतारा, समितीचा आदेश आणि सामाजिक तपासणी अहवाल, अशी तिन्ही नावं अर्जात लिहा. नुसती "फाईल" मागितली की टोलवतात. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.
त्या मुलाची फाईल मात्र मागू नका, दुसऱ्याची माहिती म्हणून नाकारतील. त्यापेक्षा त्याच्यासाठी बंद पाकिटात पत्र लिहा, सिकलसेलचा रिपोर्ट जोडा आणि ते त्याच्यापर्यंत पोचवावं अशी समितीला विनंती करा. आरोग्याचं कारण असलं की ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

प्रतिसाद 2
मीही बालगृहातलाच. एक लक्षात ठेवा, नावावरून शोधू नका. आमच्याकडे परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी लेकरांना बाप म्हणून स्वतःचंच नाव दिलं. पण इतर ठिकाणी आडनाव कोण लावेल त्याचा नेम नसतो, सख्ख्या भावंडांचीही वेगळी पडतात. दाखल झाल्याच्या तारखेवरून शोधा. पोळा श्रावण अमावस्येला असतो. तेव्हाचं पंचांग काढा आणि त्याच्या मागच्या-पुढच्या आठ दिवसांत दाखल झालेली लेकरं बघायला सांगा.
आणि अनाथ प्रमाणपत्र काढलंय का? 2018 पासून राज्यात अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण आहे. त्याच फेरीत तेही विचारून या.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. तारखेचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला नेमकं वर्षही माहीत नाही, म्हणून 2005, 2006 आणि 2007 तिन्ही वर्षांचे पोळे काढले. काल रात्री अर्ज लिहिला, यांनी दोनदा वाचून दिला. पत्र अजून अर्धवट आहे. त्याला "दादा" लिहू की "भाऊ" कळेना, लहान होता ना तो. शेवटी नंदीच्या चाकापासूनच सुरुवात केलीय. तोच असेल तर त्याला आठवेल कदाचित. सोमवारच्या पहिल्या एसटीने यवतमाळला जातोय.