चांगली टीम टिकवायची कशी?

प्रश्न: आमच्या कारखान्यातील बारा जणांची असेंब्ली टीम दोन वर्षे उत्तम चालली, परंतु पगारवाढीत एकालाच श्रेय मिळाल्यापासून पाळी बदलताना रजिस्टरमध्ये दोषांची नोंदच होत नाही. काय करावे?

उत्तर १: मुंबईच्या डबेवाल्यांकडे पाहावे. १८९० पासून चालत आलेल्या या व्यवस्थेत मुकादमाचा गट मिळकत वाटून घेतो आणि एखादा आजारी पडला तर त्याचे डबे गटातीलच इतर जण पोहोचवतात. त्यामुळे चूक लपवून कोणाचेच भले होत नाही.

उत्तर २: टोयोटाच्या कारखान्यात दोष दिसताच मदतीचा इशारा देणारी दोरी ओढण्याचा किंवा बटण दाबण्याचा अधिकार कामगाराला असतो आणि टीम लीडर मदतीसाठी धावतो, दोषी शोधण्यासाठी नव्हे. नोंद करणाऱ्यालाच आपण जाब विचारता का?

प्रश्नकर्ता: होय, विचारतो. उद्याच्या पाळीपासून ते थांबवतो.