कमी ऐकू येतं हे तुम्ही कधी आणि कोणाला सांगितलंत?

सातारची_बाई: आज दळण टाकायला गेले होते. गिरणीत नवीन मुलगी बसलीय, असेल 20-22 ची, केस वर बांधलेले, दोन्ही कानांमागची मशीन लांबून दिसत होती. म्हटलं ज्वारी जरा बारीक दळ गं. तर सरळ म्हणाली, "काकू मला कमी ऐकू येतं, माझ्याकडे बघून बोला." एवढंच. मी डबा धरून तशीच उभी राहिले, डोळे भरून आले. हे एक वाक्य बोलायला मला 11 वर्षं लागली. दुसऱ्या बाळंतपणानंतर कान कमी झाले, शाळेत शिकवायचे, पोरं काय विचारतात ते कळायचं नाही, मी आपलं "बरोबर, बस खाली". एकदा दुसरीतल्या एका पोराने "बाई एक नंबरला जाऊ?" विचारलं, करंगळी वर केली असणार, पण मी फळ्याकडे तोंड करून. म्हटलं बरोबर, बस खाली. तो बसला. आणि वर्गातच झाली त्याला. अजून आठवलं की पोटात कालवतं. त्या रात्री पहिल्यांदा घरी सांगितलं. तुम्ही कधी सांगितलंत?

मागवाला_इचल: आमचे आप्पा 35 वर्षं यंत्रमागावर. त्या खडखडाटात सगळे ओठ बघून नि हातवारे करूनच बोलायचे, त्यामुळे कान गेलेत हे आम्हालाच उशिरा कळलं. मशीन आणलं, कपाटात पडून आहे. हळू बोललं तर ऐकू येत नाही, जोरात बोललं तर म्हणतात ओरडतोस कशाला, रोज घरात भांडण

निशिगंध: दादा आप्पा खरंच सांगतायत हो. आतल्या कानाची झीज झाली की हळू आवाज पोचत नाही आणि मोठा एकदम टोचतो. मी ऑडिओलॉजिस्टकडे (ऐकू किती येतं ते तपासणारे) कामाला आहे, रोज बघते. मशीन चष्म्यासारखं नसतं, घातलं आणि झालं असं नाही, दोन-तीनदा जाऊन सेटिंग करून घ्यावं लागतं. आधी घरात शांत खोलीत तासभर घालायचं मग वाढवायचं. आणि ओरडू नका, ओरडलं की ओठांचा आकारही बिघडतो. समोर बसून सावकाश बोला

कुडाळकर: पावसात मशीन सारखं बंद पडतं, कोणाला उपाय माहितीय का

निशिगंध: रात्री बॅटरी काढून मशीन सिलिका जेलच्या (ओलावा शोषणारे दाणे) डबीत ठेवा. नवीन बॅटरीचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मग घाला, हवा लागल्याशिवाय ती चालू होत नाही

रेवाची_आई: माझी लेक जन्मापासून. तिच्यामुळे मला कळलं की प ब म ओठांवर एकसारखेच दिसतात, पाय म्हटलं काय नि माय म्हटलं काय. ती पुढच्या शब्दांवरून ओळखते, दिवसभर तेच करून संध्याकाळी इतकी दमते. 2020 मध्ये सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा पोर दुकानात यायलाच नाही म्हणायची. मी मास्कवर चिठ्ठी चिकटवायला शिकवलं, "मला ऐकू येत नाही, लिहून दाखवा". एका भाजीवाल्या मावशींनी पिशवीवर लिहून दिलं होतं, 20 रु जुडी. ती पिशवी तिने अजून ठेवलीय

एककानी: माझा डावा पूर्ण गेलाय. सर्टिफिकेट नाही मिळत, 2016 च्या कायद्यात दोन्ही कानांत 60 डेसिबलच्या पुढे लागतं. ऑफिसात सांगितलं नव्हतं, डावीकडून कोणी हाक मारली की मी बघायचो नाही, शिष्ट म्हणायचे. मागच्या महिन्यात जेवताना सांगून टाकलं. आता सगळे उजवीकडे येऊन बसतात

मंजू_क: सातारची बाई गिरणी कुठे आहे हो? आमच्याकडे ज्वारी नेली की गव्हाच्या पाठोपाठ टाकतात, भाकरी थापताच येत नाही

सातारची_बाई: @मंजू_क राजवाड्याकडे. सकाळी लवकर जा, पहिलं दळण ज्वारीचंच असतं

रेवाची_आई: बाई त्या मुलाचं पुढे काय झालं?

सातारची_बाई: दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं, बाईंना कमी ऐकू येतं, काही हवं असेल तर टेबलापाशी येऊन हात लावा. तो लांबच उभा राहिला. पाच-सहा दिवसांनी आला, पदर ओढला नि करंगळी दाखवली. मी म्हटलं जा बाळा, पळ.

मागवाला_इचल: आत्ता आप्पांसमोर बसून सावकाश विचारलं मशीन कुठाय. आईच्या साड्यांखाली ठेवलंय म्हणाले. बॅटरी कुठली लागते याला

निशिगंध: जुन्या पाकिटावरचा रंग बघा, केशरी असेल तर 13 नंबरची, तपकिरी असेल तर 312 नंबरची