मदत हवी आहे: वाचनाचे गट बसले, आता गणित कधी सुरू करू?

नमस्कार. गुहागर तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पट साठच्या आत, त्यामुळे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शिक्षक दोनच. तिसरी, चौथी, पाचवी माझ्याकडे एकत्र बसतात. पाचवीतला एक मुलगा अजून जोडाक्षराला अडखळतो आणि तिसरीतली एक मुलगी अख्खी गोष्ट वाचून वर प्रश्न विचारते. म्हणून जूनपासून पहिला तास इयत्ता बाजूला ठेवून स्तराप्रमाणे गट करते: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. बाकी दिवस नेहमीसारखा. सगळं एकदम बदललं की मुलं बावरतात, म्हणून मुद्दामच एवढं.

वाचनाचं बस्तान बसलंय. गणपतीच्या सुट्टीनंतर गणितही असंच घ्यावं म्हणते. साहित्य म्हणजे माडाचे हीर, झावळीच्या पात्यांमधल्या काड्या. दहा हिरांची जुडी म्हणजे एक दशक. 32 मधून 17 काढताना सुटे दोनच हीर हातात राहतात, तेव्हा मूल आपणहून एक जुडी सोडतं. बारातून सात काढतं, उरलेल्या दोन जुड्यांतली एक बाजूला ठेवतं आणि पंधरा सांगतं. दशक का सोडायचा हे फळ्यावर कितीही समजावलं तरी इतकं पटत नाही.

अडचण अशी की गणितातले गट वेगळे पडतात. ती गोष्ट वाचणारी मुलगी वजाबाकीत मागे आहे. रोज दोनदा गट बदलायचे, की एक दिवसाआड गणित घ्यायचं? सहकारी गुरुजी म्हणतात, दिवाळीपर्यंत थांबा. त्यांचंही खरं आहे, पहिलीचा अभ्यासक्रम 2025-26 पासून बदलला, दुसरीचाही त्यापाठोपाठ, त्यांचे हात त्यातच गुंतलेत. पण दिवाळीनंतर सुरू केलं तर वर्ष हातातून जाईल असं मला वाटतं.

दुसरं म्हणजे पालक. बरेचसे बाबा मुंबईला. ते व्हॉट्सअ‍ॅपवर वहीचा फोटो मागवतात, वही कोरी दिसली की आईला विचारतात, शाळेत शिकवतात की नाही? गणपतीला सगळे गावी येतील. तेव्हा एक सकाळ त्यांना शाळेत बोलवायचं ठरवलंय. त्यांना काय दाखवावं, मुलांचं वाचन की हिरांची वजाबाकी?

बहुवर्ग सांभाळून कुणी हे केलं असेल तर आपलं वेळापत्रक इथे टाका, हाताने लिहिलेल्या कागदाचा फोटोही चालेल. प्रथम सत्राच्या संकलित चाचणीआधी मला ठरवायचं आहे.