शब्दचर्चा: 'डेटा इन्फ्रास्ट्रक्चर'ला मराठीत काय म्हणायचं?

समाजशास्त्रीय संशोधनाला डेटा इन्फ्रास्ट्रक्चर का लागतं यावर मराठीत एक लेख लिहायला घेतलाय आणि गाडी पहिल्याच वाक्यात अडलीय. "विदा पायाभूत सुविधा" लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर सर्व्हर, केबल आणि एसी लावलेली खोली येते. "माहिती पायाभूत सुविधा" तर अजूनच वाईट, निविदेतलं वाक्य वाटतं. आणि मला जे सांगायचंय त्यात सर्व्हरचा वाटा अगदीच थोडा आहे हो. मला म्हणायचंय ते म्हणजे वर्षानुवर्षं तेच प्रश्न त्याच पद्धतीने विचारणारी सर्वेक्षणं, जनगणना, त्यांची कोडबुकं (कुठल्या रकान्यातला कुठला आकडा म्हणजे काय ते सांगणारी), ते सगळं सांभाळणारी आर्काइव्हज, कोणाला काय बघू द्यायचं त्याचे नियम, आणि हे चालवणारी माणसं. एवढ्या सगळ्याला मिळून एक शब्द आहे का?

दुसरी अडचण डेटाच्या 'व्हॅल्यू'ची. मूल्य, किंमत, मोल, महत्त्व, उपयोग... यातलं काय वापरू? जाणकारांनी मदत करावी. (खालचा प्रत्येक मथळा म्हणजे एक वेगळा प्रतिसाद.)

विदा की डेटा

आधी पहिल्या शब्दाचं बघा. विदा चांगला शब्द आहे पण प्रत्यय लावला की घोळ, "विद्यामध्ये", "विद्याचा" असं लिहिलं की वाचणारा थेट विद्येकडे जातो, आणि "विदामध्ये" लिहिलं तर व्याकरणवाले येतात. मी सरळ डेटा लिहितो. पारिभाषिक कोशातला 'आधारसामग्री' उच्चारायला जड आहे पण समाजशास्त्रात तो अर्थाने जास्त बरोबर बसतो असं माझं मत, कारण तिथे मुलाखतींच्या टेप, जुनी पत्रं, फील्डवर्कच्या वह्या हे पण डेटाच असतं, नुसते आकडे नाहीत.

एक मात्र नक्की, 'आकडेवारी' वापरू नका. आकडेवारी म्हणजे शिजवून ताटात वाढलेलं. कोणीतरी आधीच ठरवलेलं असतं की वय आणि शिक्षण यांचा तक्ता करायचा, मग तोच तक्ता तुम्हाला मिळतो. कच्चा डेटा म्हणजे एकेका माणसाची एकेक ओळ, नाव पत्ता काढून टाकलेली. अमेरिकेच्या जनगणना खात्याने १९६० च्या जनगणनेतला हजारात एक असा नमुना संशोधकांना दिला तेव्हा पहिल्यांदा बाहेरच्या माणसाला स्वतःच्या प्रश्नाप्रमाणे स्वतःचा तक्ता करता यायला लागला. त्याआधी छापील खंडात जे असेल ते. हा फरक शब्दातच दिसायला हवा.

'सुविधा' हाच शब्द चुकतोय

माझ्या मते डेटापेक्षा सुविधा हा शब्द जास्त गोंधळ करतो. सुविधा म्हणजे सोय. बांधली, फीत कापली, आता वापरा. या कामात बांधून झालं असं कधी होतच नाही, चालू ठेवणं हेच काम असतं.

एक उदाहरण देतो, जरा लांबेल पण द्यायलाच हवं. अमेरिकेत बेरोजगारी मोजणारं मासिक सर्वेक्षण १९४० पासून चालू आहे. त्यात पूर्वी विचारायचे की गेल्या आठवड्यात तुम्ही मुख्यतः काय करत होता, काम, घर सांभाळणं, शिक्षण, की आणखी काही? आणि विचारणारा माणूस समोर कोण आहे ते बघून प्रश्न वाकवायचा, दार उघडणारी बाई गृहिणी वाटली की "घर सांभाळत होता का?" असं पुढे करायचा. मग जी बाई घर सांभाळून आठवड्यातले काही तास पगारी काम करते तिचं उत्तर "घर", आणि काम बऱ्याचदा गायब. जानेवारी १९९४ पासून प्रश्न बदलला, गेल्या आठवड्यात पैशासाठी काहीही काम केलंत का, असा. बदल बरोबरच होता. पण आता पुढचे आकडे मागच्या आकड्यांशी कसे जोडणार? बायकांचं काम खरंच वाढलं की प्रश्न सुधारला म्हणून वाढलेलं दिसतंय?

तर त्यांनी काय केलं, बदलाच्या आधी जुलै १९९२ पासून साधारण दीड वर्षं नवीन प्रश्नावली एका वेगळ्या नमुन्यावर बाजूला चालवली. म्हणजे त्याच महिन्यात जुन्या पद्धतीने किती येतात आणि नव्या पद्धतीने किती, हे दोन्ही हातात. हे दीड वर्षाचं दुहेरी काम म्हणजे माझ्या लेखी इन्फ्रास्ट्रक्चर. त्याचं उद्घाटन होत नाही, त्याचा फोटो पण येत नाही.

म्हणून माझं मत 'व्यवस्था'ला. न्यायव्यवस्था म्हटलं की आपण फक्त कोर्टाची इमारत धरत नाही ना, न्यायाधीश, कायदे, कारकून, तारखा सगळं त्यात येतं. तसंच डेटा-व्यवस्था.

दप्तर चालेल का?

व्यवस्था म्हटलं की "व्यवस्थेविरुद्ध लढा" आठवतो, मला नाही आवडला. आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहेच की, दप्तर. रुमालात बांधलेले कागद, ते लावून ठेवणारे लोक, कुठला कागद कुठल्या रुमालात त्याची याद, हे सगळं मिळून दप्तर. दप्तरखाना म्हणजे आर्काइव्ह. शाळेच्या पिशवीला आपण दप्तर म्हणायला लागलो आणि शब्दाची रया गेली, बाकी शब्द एक नंबर.

दप्तर अर्धंच सांगतं

शब्द गोड आहे, मान्य. पण दप्तरात जपणूक येते, गोळा करणं येत नाही. आणि समाजशास्त्रात जपणूकसुद्धा फार उशिरा सुचली. मतचाचण्यांचे कागद आणि पंचकार्ड जपायला अमेरिकेत रोपर सेंटर १९४७ मधे झालं, जर्मनीत कोलोनचं आर्काइव्ह १९६०, मिशिगन विद्यापीठाचं आयसीपीएसआर हे आर्काइव्ह १९६२, ब्रिटनमधे एसेक्सचं १९६७. त्याआधी सर्वसाधारण पद्धत अशी की प्राध्यापक निवृत्त झाले की कपाट रिकामं करायचं.

आणि नुसतं जपून भागत नाही. मला एकदा एका जुन्या सर्वेक्षणाची फाइल मिळाली होती, कुठलं ते सोडा. फाइल एकदम शाबूत, उघडते, सगळे रकाने भरलेले. एका रकान्याचं नाव व्ही २७, त्यात ०, १, २, ३, ४ आणि ९. अंदाजाने हा मुलांच्या संख्येचा रकाना. पण ९ म्हणजे नऊ मुलं, की "नऊ किंवा जास्त", की "उत्तर दिलं नाही"? ५, ६, ७, ८ एकदाही नाही आणि ९ मात्र भरपूर, म्हणजे बहुतेक उत्तर दिलं नाही असावं, पण बहुतेकवर सरासरी काढता येत नाही. आणि ० म्हणजे मूल नाही, की लग्न न झालेल्यांना प्रश्न विचारलाच नाही म्हणून ०? कोडबुक नव्हतं. ज्यांनी केलं ते सापडले नाहीत. हजारो लोकांनी वेळ काढून दिलेली उत्तरं डोळ्यासमोर आणि काही करता येईना.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. 'मूल्य' अजिबात वापरू नका! कारण रकान्यातल्या त्या ९ लाही मूल्यच म्हणतात, चलाचं (व्हेरिएबलचं) मूल्य. शिवाय समाजशास्त्रात मूल्यं म्हणजे लोक काय योग्य अयोग्य मानतात ते, १९८१ पासून त्यावर वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हे चालू आहे. तुम्ही "डेटाचे मूल्य" लिहिलंत तर तीन वाचक तीन अर्थ घेतील.

किंमत आणि मोल

+१, मूल्य नको. मी 'मोल' म्हणेन, आणि किंमत वेगळी ठेवेन कारण दोन्हीची गरज पडते. किंमत म्हणजे यंदा किती खर्च आला. मोल कधी कळतं त्याला तारीख नसते.

ब्रिटनमधे मार्च १९४६ मधे एका आठवड्यात जन्मलेल्या बाळांच्या आयांना भेटून पाहणी केली होती. प्रश्न काय तर बाळंतपणाला किती खर्च आला, दवाखान्यात काय सोय मिळाली, राष्ट्रीय आरोग्य सेवा यायच्या दोन वर्षं आधी. तेवढ्यावर संपणार होतं ते. पण त्यातल्या ५,३६२ बाळांचा माग पुढे ठेवला गेला, शाळा, नोकरी, लग्न, आजार असं करत ती पिढी म्हातारी झाली तरी चालूच. आज लहानपणीच्या परिस्थितीचा म्हातारपणातल्या तब्येतीवर काय परिणाम होतो ते त्यातून बघतात. १९४६ मधे कोणी म्हातारपणासाठी पैसे मागितले असते तर देणाऱ्याने वेड्यात काढलं असतं. आणि हा डेटा आज कितीही पैसे टाकून नव्याने तयार करता येत नाही, कारण १९४६ परत येत नाही. रस्ता उखडला तर परत करता येतो, हे नाही. त्यामुळे पायाभूत सुविधेशी तुलना मला तरी इथेच तुटते.

उलटं उदाहरण कॅनडाचं. २०१० मधे तिथल्या सरकारने जनगणनेचा मोठा फॉर्म सक्तीचा न ठेवता ऐच्छिक करायचं ठरवलं, सांख्यिकी खात्याचे प्रमुख मुनीर शेख यांनी राजीनामा दिला. २०११ मधे ऐच्छिक सर्वेक्षण झालं, आधी दर पाच घरांमागे एकाला फॉर्म जायचा तो आता साधारण तिनामागे एकाला पाठवला, तरी प्रतिसाद ६९ टक्क्यांच्या आसपास, आधी तो नव्वदच्या वर असायचा. लोकांना वाटतं फॉर्म जास्त पाठवले की भरपाई होते, पण होत नाही ना, जे उत्तर देत नाहीत ते देणाऱ्यांपेक्षा वेगळे असतात, मग तुम्ही दुप्पट लोकांना विचारा नाहीतर चौपट. बऱ्याच लहान गावांचे आकडे दर्जा बरा नाही म्हणून प्रसिद्धच केले नाहीत. २०१६ ला सक्ती परत आणली. पण २०११ चं भोक कायमचं. फॉर्म वाढले, खर्च वाढला आणि हातात कमी आलं.

कुलूप विसरलात

सगळे जपणुकीचं बोलताय पण न देण्याचं कोणी बोलत नाहीये. नाव पत्ता काढला की झालं असं वर एकांनी सहज लिहिलंय, तसं नसतं. लतान्या स्वीनी यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं की पोस्टाचा कोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवर अमेरिकेतले बहुसंख्य लोक एकेकटे ओळखता येतात, आणि "निनावी" म्हणून दिलेल्या डेटामधून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरांच्या आजारपणाच्या नोंदी त्यांनी शोधून काढल्या होत्या. त्यामुळे चांगल्या आर्काइव्हमधे सरळ डाउनलोड, करार करून मिळणारा, आणि फक्त त्यांच्या खोलीत बसून बघायचा असे थर असतात. त्या खोलीतून बाहेर काय न्यायचं ते पण तपासतात, एखाद्या तक्त्याच्या चौकटीत दोनच माणसं असतील तर तो तक्ता अडवतात.

डेन्मार्कने १९८१ ची जनगणना दारोदार न जाता निव्वळ सरकारी नोंदवह्या जोडून केली, कारण १९६८ पासून प्रत्येकाला एक नंबर आहे. संशोधकाला स्वर्गच. पण हे चालतं ते लोकांचा भरवसा आहे म्हणून, आणि तो गेला तर नंबर असून काय उपयोग? 'सुविधा' शब्दात हा भरवसा कुठे बसवणार? म्हणून माझंही मत व्यवस्थेला.

'प्रकल्प' पण टाळा

अजून एक शब्द या लेखात येईल तो म्हणजे प्रकल्प. जमलं तर टाळा. प्रकल्पाला मुदत असते आणि पैसे देणारे मुदतीच्या हिशोबानेच देतात. डीएचएस (डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हेज) घ्या, १९८४ पासून ९० हून जास्त देशांत बालमृत्यू, कुपोषण, जन्मदर यांची सर्वेक्षणं, प्रश्न शक्य तेवढे सारखे ठेवलेले म्हणून एक देश दुसऱ्याशी ताडून बघता येतो. अर्ध्या जगातल्या आरोग्याच्या अभ्यासाचा पाया तो. पण कागदावर तो अमेरिकेच्या मदतनिधीवर चालणारा कार्यक्रम होता. फेब्रुवारी २०२५ मधे निधी बंद झाला, चालू सर्वेक्षणं अडकली, नवीन संशोधकांचे डेटासाठीचे अर्ज घेणं थांबलं. लोक इतकी वर्षं तो डेटा नळाच्या पाण्यासारखा वापरत होते, तो कोण भरतं हे बऱ्याच जणांना त्या महिन्यात कळलं असेल.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार, विचारलं त्याच्या दुप्पट मिळालं. मी असं ठरवतोय: शीर्षकात 'डेटा-व्यवस्था', आतमधे आर्काइव्हसाठी दप्तरखाना एकदा वापरून बघतो, संपादक बहुतेक उडवतील. सुविधा हा शब्द फक्त सर्व्हर आणि खोलीपुरता. खर्चाबद्दल बोलताना किंमत, बाकी मोल. त्या व्ही २७ चा किस्सा घेतला तर चालेल का, नाव न घेता?

आता पुढचा प्रश्न, 'हार्मोनायझेशन'. वेगवेगळ्या देशांच्या किंवा वर्षांच्या जनगणनांत "विवाहित"ची व्याख्या वेगळी, व्यवसायांची यादी वेगळी, ते सगळं एका सामाईक कोडवर आणायचं, मिनेसोटा विद्यापीठाचे आयपम्सवाले करतात तसं. एकसूत्रीकरण म्हटलं तर मूळचे फरक पुसून टाकल्यासारखं वाटतं, आणि चांगलं हार्मोनायझेशन ते पुसत नाही, मूळ कोड शेजारी ठेवतं.

जुळणी

किस्सा खुशाल घ्या. हार्मोनायझेशनला 'जुळणी' म्हणा. छापखान्यातला शब्द आहे, खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवले तरी प्रत्येक खिळा वेगळाच राहतो.

जुळवणी बरं

जुळणी ऐकून कंपोझिंगच आठवतं हो. 'जुळवणी' म्हणा, आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजावून सांगा.