फोडणीचा वास बदलला, मग जाणीव पण बदलली का?

कर्वेनगरवाली: कोविडमध्ये माझा वास तीन आठवडे पूर्ण गेला होता, परत आला तो वाकडा, कांदा परतायला घेतला की रबर जळल्यासारखं यायचं आणि आई म्हणायची अगं नेहमीचाच तर वास आहे. डॉक्टर म्हणाले पॅरोस्मिया. तर प्रश्न असा की क्वालिया क्वालिया म्हणतात ते आणि जाणीव एकच का? कारण त्या तीन आठवड्यांत फोडणी दिसत होती, चुरचुर ऐकू येत होती, फक्त वासाच्या जागी काहीच नाही. आणि 'काहीच नाही' हे मात्र कळत होतं!

टेकडीवाला: एकच नाही, पण वेगळेही काढता येत नाहीत. जाणीव म्हणजे अख्खा अनुभव आणि त्यातलं एकेक 'कसं वाटतं' ते क्वालिया. तुझं एक गेलं, बाकीची होती. सगळीच गेली तर उरेल काय?

रात्रपाळी: माहिती उरेल की. ब्लाइंडसाइट शोधा. मेंदूतलं मागचं दृष्टीकेंद्र खराब झालेले काही पेशंट म्हणतात नजरेच्या एका बाजूला काही दिसत नाही, पण अंदाजाने तरी सांगा म्हटलं की त्या बाजूला प्रकाश कुठे पडला ते नुसत्या नशिबाने जमेल त्यापेक्षा खूप जास्त वेळा बरोबर सांगतात. वाइसक्रांट्झ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात यावर काम केलं. म्हणजे माहिती आत पोचते पण 'दिसणं' होत नाही, आणि त्याला जाणीव म्हणायला मी तरी तयार नाही.

चहाबाज: डेनेट नावाचा तत्त्वज्ञ तर म्हणतो क्वालिया अशी खास वस्तूच नाही. १९८८ च्या लेखात त्याने दोन कॉफी चाखणारे घेतलेत, दोघांनाही जुनी कॉफी आता आवडत नाही, एक म्हणतो चव तीच पण माझी आवड बदलली, दुसरा म्हणतो चवच वेगळी लागते. खरं कोणतं ते त्यांनाही नुसतं आत बघून सांगता येत नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या अमृततुल्यचं तेच, मला चहा पांचट लागतो आणि मालक म्हणतात मसाला तोच आहे. (मला मालकांवर संशय आहे.)

टेकडीवाला: पण पांचट 'लागतो' ना तुला? झालं मग.

कर्वेनगरवाली: चहाबाज, माझं अगदी हेच झालंय. हल्ली कांदा नॉर्मल वाटतो, पण वास सुधारला की मला सवय झाली? काल परतताना आईला हेच विचारत होते तर म्हणाली आधी गॅस बारीक कर, करपलाय तो.